विणकराचा मुलगा आणि धातूचे वस्त्र

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी व्याख्यानासाठी आम्हास पाचारण केले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. ज्ञातीच्या व्यासपीठावरून बहुधा ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे सांगितली जातात, आणि ते उचितच आहे. आज मात्र आम्ही समुद्रापलीकडील एका विणकराच्या मुलाची हकीकत सांगणार आहोत. तो आपल्या ज्ञातीचा नव्हे, देशाचा नव्हे आणि धर्माचाही नव्हे. परंतु त्याचे घर मागाचे होते. आणि मागाच्या घरात जन्मूनही जो मागावर बसला नाही, त्याच्या हाती वडिलांचे म्हणून काय उरते, हा प्रश्न या मंडपातील निम्म्याहून अधिक कुटुंबांचा आहे.

या कलावंताचे नाव एल अनात्सुई. त्यांचा जन्म 1944 साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अन्याको या गावी झाला. तो प्रदेश तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली असून त्यास 'गोल्ड कोस्ट' म्हणत. 1957 साली तो स्वतंत्र झाला व त्याचे नाव घाना पडले. अन्याको हे खाडीच्या पाण्याने वेढलेले गाव. तेथील ईवे लोकांत मासेमारी आणि विणकाम हे दोन्ही उद्योग एकाच घरात नांदत. अनात्सुईंचे वडील जाळेही टाकीत आणि मागावरही बसत. त्यांच्या 32 मुलांपैकी हे सर्वांत धाकटे.

तेथील विणकामाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण या सभेत ते ऐकणारे जाणते कान आहेत. आपल्याकडे खड्डामागावर लुगड्याची पुरी रुंदी एकदम निघते. तेथे तसे नाही. तेथील माग अगदी अरुंद असून त्यावर सुमारे चार इंच रुंदीची पट्टी विणली जाते. ताणा समोर अंगणात लांबवर पसरलेला असतो व त्याच्या दूरच्या टोकाला वजनाचा दगड बांधलेला असतो. विणकर जसजशी पट्टी विणून आपल्याकडे गुंडाळतो, तसतसा तो दगड जमिनीवरून सरकत सरकत त्याच्याजवळ येतो. पट्टी पुरी झाली की तिचे तुकडे करून ते काठाला काठ लावून शिवतात, आणि वीस-पंचवीस तुकड्यांचे मिळून पुरुषाने अंगावर घ्यावयाचे एक वस्त्र होते. या वस्त्राला जगात 'केंटे' म्हणतात. घानातील या विणकलेस युनेस्कोने 2024 साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. लहान लहान तुकडे विणावयाचे, मग ते जोडावयाचे आणि जोडतानाच वस्त्राचा खरा आकार ठरवावयाचा, ही रीत आपण ध्यानात ठेवावी; पुढे तिचे प्रयोजन आहे.

अनात्सुई लहान असतानाच मातेचे छत्र हरपले. ते आपल्या मामांकडे वाढले. मामा ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यामुळे घरी माग असूनही हा मुलगा मिशनच्या आवारात शिकला आणि मागावर बसण्याचा योग त्याला आला नाही. पुढे कुमासी येथील महाविद्यालयात त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. तेथील अभ्यासक्रम इंग्लंडच्या धर्तीवरचा होता. पाश्चात्य शिल्पाचे नमुने आणि युरोपच्या कलेचा इतिहास यांतच विद्यार्थ्याची वर्षे जात. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षे लोटली होती. शाळेचा फळा मात्र तोच होता. आपल्याकडील कलाशाळांतून शिकलेल्या पहिल्या पिढ्यांना या परिस्थितीची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

तेव्हा या तरुणाने वर्गाबाहेर पाऊल टाकले. कुमासीतच एक राष्ट्रीय संस्कृतिकेंद्र होते. तेथे विणकर, कुंभार, लाकूड कोरणारे, ढोल वाजविणारे आणि कापडावर ठसे उमटविणारे कारागीर काम करीत. अनात्सुई तेथे जाऊन बसू लागले. ठशांच्या त्या चिन्हांपैकी एक पक्ष्याचे आहे. त्याचे पाय पुढे आणि मान मागे वळलेली असते. मागे राहिलेली वस्तू परत जाऊन घेऊन ये, असा त्याचा अर्थ सांगतात. 1970 नंतरच्या वर्षांत अनात्सुईंनी बाजारात बायका माल मांडतात तसल्या लाकडी परड्या घेतल्या आणि तापल्या लोखंडाने त्यांवर अशी चिन्हे डागली. त्यांची पहिली ठळक कलाकृती म्हणावी ती हीच. संगमरवर नाही, ब्राँझ नाही, बाजारातील परडी.

1975 साली ते शेजारच्या नायजेरिया देशात न्सुक्का येथील विद्यापीठात अध्यापक म्हणून गेले. तो भाग 1967 ते 1970 या काळातील बियाफ्राच्या यादवीत होरपळून निघालेला होता. तेथे इग्बो स्त्रिया अंगावर आणि भिंतीवर ज्या रेघा काढीत, त्या 'उली' नावाच्या रेखाटनाचा अभ्यास प्राध्यापक उचे ओकेके यांनी सुरू केला होता. अनात्सुई ईवे, परप्रांतीय. तरी त्या मंडळींत मिसळले. याच सुमारास त्यांनी फुटक्या मडक्यांची शिल्पे केली. फुटके मडके म्हणजे मडक्याचा शेवट असे आपण समजतो. वस्तुतः आपल्याच आयाबायांना विचारावे. मडके फुटले की त्याचे खापर होते, खापरात विस्तव नेता येतो, कोंबड्यांना पाणी ठेवता येते, तुळशीच्या बुंध्याशी ते अर्धे पुरता येते. मडक्याला जे एकच काम होते, त्याच्या जागी खापराला दहा मिळतात. अनात्सुईंच्या मनाने नेमके हेच घेतले.

1980 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात काही काळ राहून काम करीत असता त्यांच्या हाती साखळीची यांत्रिक करवत आली. तिने त्यांनी लाकडाच्या फळ्या चिरल्या, जाळल्या आणि एकीशेजारी एक मांडल्या. त्या करवतीच्या फाडण्यात त्यांना युरोपीय सत्तांनी आफ्रिकेचे केलेले तुकडे दिसत. 1884-85 च्या बर्लिन परिषदेनंतर नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या रेषा आम्ही शाळेत पाठ केल्या होत्या. त्या रेषांनी एकेक ज्ञाती, एकेक भाषा मधोमध चिरली गेली हे पुस्तकात नव्हते. ईवे लोकही असेच घाना व टोगो यांत विभागले गेले. या फळ्यांची मांडणी पाहाणाऱ्याने हवी तर बदलावी, अशी मुभाही होती. आता ते केंटेचे तुकडे आठवा. मागावर न बसलेल्या मुलाच्या हातून लाकडाच्या पट्ट्या काठाला काठ लावून मांडल्या जात होत्या.

1992 साली ब्राझीलमध्ये पृथ्वीच्या रक्षणार्थ जागतिक परिषद भरली. त्या निमित्ताने तेथे त्यांनी लाकडाचा एक उंच खांब कोरला. वर चिन्हे, खुणा, जणू एका समाजाची सारी बाराखडी. आणि खाली करवतीने खाल्लेला बुंधा व पायाशी पडलेला चुरा. नाव ठेवले 'धूप'. ज्यांच्या शेतातली माती ओढ्याने नेली आहे, त्यांस या शिल्पाचे विवेचन नको.

परंतु ज्या कृतींनी त्यांचे नाव जगभर झाले त्या पुढेच आहेत. 1998 च्या सुमारास न्सुक्काजवळ झुडपात त्यांना एक पोते सापडले. त्यात मद्याच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणे भरलेली होती. (मद्य म्हणताच पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडली, ती आम्हास दिसली. थोडा धीर धरावा.) ते पोते कित्येक महिने कार्यशाळेत पडून होते. पुढे त्यांनी ती झाकणे चपटी केली, कापली, दुमडली, पिळली. बाटलीच्या गळ्याभोवतीच्या पट्ट्या वेगळ्या काढल्या, कड्या वेगळ्या काढल्या. प्रत्येकाला भोके पाडली आणि तांब्याच्या बारीक तारेने एकमेकांस जोडले. हजारो झाकणे जोडली गेली तेव्हा जमिनीवर धातूचे वस्त्र पसरले. लाल, सोनेरी, काळे, रुपेरी. भिंतीवर टांगले की त्याला चुण्या पडत, झोळ येई, पदर लोंबे. आरंभीच्या अशा दोन कृतींची नावे 'पुरुषाचे वस्त्र' आणि 'स्त्रीचे वस्त्र' अशी असून त्या आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

ही झाकणेच का घेतली, याचे उत्तर त्या किनाऱ्याच्या इतिहासात आहे. युरोपची गलबते या किनाऱ्यावर कापड, बंदुका आणि मद्य घेऊन येत व त्यांच्या मोबदल्यात माणसे नेत. ती माणसे अटलांटिकपलीकडे उसाच्या मळ्यांत राबत. त्या उसाच्या मळीपासून रम तयार होई. आणि ती रम पुन्हा व्यापाराच्या फेऱ्यात शिरे. म्हणून मद्याचे झाकण हा नुसता कचरा नव्हे, त्या व्यवहाराची ती एक पावती आहे. वडीलधाऱ्यांच्या कपाळीची आठी अनात्सुईंनाही मान्य झाली असती असे आम्हास वाटते. फक्त त्यांनी ती आठी दहा हात रुंद करून भिंतीवर टांगली. अलीकडे 'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग शाळेच्या प्रदर्शनांतून फार बोकाळला आहे आणि कित्येक लेखक अनात्सुईंनाही त्याच रांगेत बसवितात. त्यांना स्वतःला ते रुचत नाही. माणसाच्या हाताने, ओठाने ज्या वस्तूस स्पर्श झाला तिच्यात त्या माणसांचे काही उरते, आणि आपण ती वस्तू पुन्हा वापरीत नसून तिचे रूप पालटीत आहोत, असे त्यांचे म्हणणे. आमच्या मते हा भेद नीट ओळखला पाहिजे. आजीच्या लुगड्याची वाकळ शिवताना आपल्या घरी कोणी काटकसरीचे व्याख्यान देत नाही. लुगडे आजीचे असते म्हणून वाकळ ऊब देते.

पुढची कीर्ती थोडक्यात सांगतो. 2007 साली व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांची प्रचंड वस्त्रे झळकली आणि त्याच नगरीतील एका जुन्या प्रासादाच्या दर्शनी भिंतीवर असेच एक वस्त्र सोडण्यात आले. 2015 साली त्याच प्रदर्शनाने त्यांस आजन्म कार्याबद्दल सुवर्णसिंह हा सर्वोच्च मान दिला. ऑक्टोबर 2023 पासून पुढील वर्षाच्या एप्रिलपर्यंत लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयाच्या अतिविशाल दालनात त्यांची तीन वस्त्रे लटकत होती. त्यांतील पहिले गलबताच्या शिडासारखे फुगलेले. ज्या हेन्री टेट यांचे नाव त्या संस्थेला आहे, त्यांची संपत्ती साखरेच्या धंद्यातली. टेट यांचा धंदा गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यानंतरचा, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण साखर आणि गलबत या दोन शब्दांचे नाते कायद्याने तुटत नाही. ते शीड कोठून आले व कशासाठी, हे त्या दालनात कोणास वेगळे सांगावे लागले नसेल.

या वस्त्रांची आणखी एक खोड आहे. ती कशी टांगावी याचा नियम कर्ता घालून देत नाही. ज्या संग्रहालयात वस्त्र जाते तेथील माणसांनी आपल्या भिंतीप्रमाणे त्याला चुणी घालावी, झोळ द्यावा. एकच वस्त्र दोन गावी दोन तऱ्हेचे दिसते. आपल्या भगिनींना यात नवल वाटणार नाही. नऊवारी लुगडे विणणारा एक. ते शेतावर कसे नेसावे, लग्नात कसे, कोळीवाड्यात कसे, हे नेसणारी ठरविते. विणकराचे काम जेथे संपते तेथे वस्त्राचे सुरू होते.

आता जी गोष्ट आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे वळतो. हे काम एका हाताचे नव्हे. न्सुक्का येथील कार्यशाळेत कित्येक तरुण बसून झाकणे चपटी करतात, भोके पाडतात, तार ओवतात. काही विद्यापीठात प्रवेशाची वाट पाहणारे, काही सुटीत आलेले. प्रत्येकजण एकेका जातीचा तुकडा तयार करतो. ते तुकडे जमिनीवर मांडून अनात्सुई वरून पाहतात, हलवितात, पुन्हा मांडतात, आणि मनास आले म्हणजे जोडून घेतात. त्या मुलांना मजुरी मिळते, गावात पैसा खेळतो, हे खरे. तथापि संग्रहालयाच्या भिंतीवरील पाटीवर नाव एकाचेच असते. येथे आम्ही त्यांचे कौतुक क्षणभर बाजूला ठेवतो. कारण हाच प्रश्न आपल्या घरचा आहे. येवल्याची पैठणी लग्नात मिरविणारीला ती कोणत्या दुकानातून आली हे ठाऊक असते. कोणाच्या मागावरून उतरली हे बहुधा नसते. आणि मागावरच्या पुरुषाचे नाव कळले तरी, कांड्या भरणारी, ताण्याला खळ देणारी, तुटलेला धागा सांधणारी घरातली बाई कोणत्या पाटीवर आहे? ज्ञातीच्या जुन्या खानेसुमाऱ्यांत पुरुषाच्या नावापुढे 'विणकर' आणि बाईच्या नावापुढे 'घरकाम' असे लिहिलेले आम्ही पाहिले आहे. अनात्सुईंच्या कार्यशाळेवर टीका करण्यापूर्वी ती पाने आपण एकदा चाळावी.

आपल्या समाजाची वाटचाल आपणांस ठाऊक आहे. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. पुढे हातमाग मागे पडत गेला. आपली कितीएक घरे सोलापूर, नागपूर आणि मुंबई येथील गिरण्यांत शिरली. 1982 च्या संपानंतर मुंबईतील तो आधारही तुटला. त्यानंतरची पिढी बँकेत, शाळेत, कारखान्यात, संगणकापुढे. आज आपल्या मुलांपैकी धोटा कशाला म्हणतात हे किती जण सांगतील? त्यात त्यांचा दोष नाही. वडिलांनीच, 'बाबा रे, तू या खड्ड्यात उतरू नकोस,' असे सांगून त्यांना शाळेत धाडले, आणि त्या सांगण्यात जे दुःख व जे शहाणपण होते त्याची थट्टा करण्याचा अधिकार आम्हास नाही. मागाचे गोडवे मागावर न बसणाराच अधिक गातो.

अनात्सुई आपल्या गावी परत जाऊन माग चालवू लागले नाहीत. केंटेचे गुणगान करीत ते हिंडले नाहीत. धातूच्या या कामाचे वडिलांच्या मागाशी असलेले नाते आरंभी आपल्या ध्यानीही आले नव्हते, अशा अर्थाचे ते बोलले आहेत. परंतु कारागिरांजवळ बसण्याचा त्यांनी कधी कंटाळा केला नाही. कुमासीत बसले, न्सुक्कात बसले, परक्या लोकांच्या रेघा शिकले. रक्तातून कला उतरते असे आपल्या सभांतून वारंवार बोलले जाते. आम्हास त्याचा पुरावा कोठे आढळलेला नाही. जवळ बसल्याने ती उतरते, याचा मात्र पुष्कळ आढळला आहे.

हे सारे आज बोलण्याचे एक कारण घरगुती आहे, ते आता उघड करतो. आपल्या वसतिगृहाच्या कोठारात एका ज्ञातिबंधूने देणगी म्हणून दिलेला खड्डामाग सुटा होऊन पडला आहे. त्याविषयी दुपारच्या सर्वसाधारण सभेत दोन सूचना येणार आहेत. तो प्रवेशद्वाराशी काचेच्या कपाटात ठेवावा, ही एक. आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने देऊ केलेली रक्कम घेऊन ती शिष्यवृत्ती निधीत घालावी, ही दुसरी. शिष्यवृत्तीचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. आमच्या घरातील मुले त्या निधीवर शिकली आहेत. काचेच्या कपाटाविषयी मात्र आमचे मत चांगले नाही. कपाटातल्या मागाजवळ कोणास बसता येत नाही.

आम्ही तिसरी सूचना मांडणार आहोत. वसतिगृहाच्या मागील पडवीत खड्डा खणून तो माग उभा करावा. ज्ञातीत हातमागावर बसलेली वृद्ध मंडळी अद्याप आहेत. त्यांपैकी ज्यांस शक्य असेल त्यांनी सुटीच्या दिवशी तेथे येऊन बसावे. त्यांजबरोबर त्यांच्या घरातील बायांनीही यावे, कारण ताण्याची आणि खळीची विद्या त्यांच्याकडे आहे. मुलांनी विणलेच पाहिजे असे बंधन नको. कोणी मागाच्या अवयवांची नावे लिहून काढील, कोणी चित्र काढील, कोणी यंत्रशास्त्राचा विद्यार्थी फणीच्या दातांचे गणित मांडील. आणि कोणी त्यावर सुताऐवजी भलतेच काही विणू लागला तर त्याला कोणी हटकू नये, एवढे सभेने ठरावात लिहावे.

व्यवस्थापकांनी आमच्या विनंतीवरून सामान मोजून पाहिले आहे. लाकूड शाबूत आहे. फणी मोडकी असून दोन धोट्यांपैकी एक नाही. पावड्यांच्या दोऱ्या कुजल्या आहेत. ज्यांच्या माळ्यावर या वस्तू पडून असतील त्यांनी सभेपूर्वी व्यवस्थापकांना सांगावे. सभा चार वाजता आहे.